भिगवणपर्यंतचं अंतर

भिगवणच्या पाणवठ्यापासून मंगोलियातल्या तेर्खीन त्सागान सरोवरापर्यंतचं सरळ अंतर सुमारे ४,००० किलोमीटर भरतं. प्रवासी विमान ताशी साडेआठशे-नऊशेच्या वेगाने ते पाच तासांच्या आत कापेल. पट्टकादंब हंस ताशी साठच्या आसपास उडतो. वाटेत कुठेही न उतरता तो आला, तर पावणेतीन दिवसांत भिगवणला, उजनी धरणाच्या काठाला लागायला हवा. प्रत्यक्षात त्याला कित्येक आठवडे लागतात. तिकडे थंडीची चाहूल लागताच निघालेला हंस इथे उतरतो, तोवर आपल्याकडे दिवाळी उलटून गेलेली असते आणि रब्बीची ज्वारी चांगली वर आलेली असते.

पावणेतीन दिवसांचे इतके आठवडे कसे होतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. अंतराला वेगाने भागलं की प्रवासाचा वेळ मिळतो, हे आपण शाळेत शिकलो. पक्ष्यांच्या बाबतीत त्या भागाकारातून फक्त पंख हलवायला लागणारा वेळ हाती येतो. बाकीचा सगळा वेळ चरण्यात, विसावण्यात, वारा अनुकूल होण्याची वाट पाहण्यात जातो. तो कुठे आणि कसा जातो हे कळल्याशिवाय स्थलांतर कळत नाही, आणि भिगवणचं महत्त्वही कळत नाही.

कुंभारगावच्या काठावरून होडी सुटली की पर्यटकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे पक्षी किती लांबून येतात? उत्तरही ठरलेलं असतं : सायबेरिया. हे उत्तर इतकं रुळलंय की पाण्यावर दिसणारी प्रत्येक चोच आपल्याला सायबेरियाची वाटते. खरं तर इथे एकाच वेळी कितीतरी वेगवेगळी अंतरं येऊन एकत्र उतरलेली असतात. तलवार बदक आणि थापट्या बदक खरोखरच उत्तर आशियातून येतात. तपकिरी डोक्याचे कुरव तिबेटच्या पठारावरच्या आणि मध्य आशियातल्या तळ्यांवरचे. पट्टकादंब मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान या पट्ट्यातले. भोरड्या मध्य आशिया आणि पूर्व युरोपातल्या. ज्यांच्यासाठी लोक पुण्या-मुंबईहून पहाटे गाडी काढतात ते रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, मात्र बहुधा देशातलेच. त्यांची भारतातली सर्वांत मोठी वीण कच्छच्या मोठ्या रणात होते आणि ते रण भिगवणहून सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटरवर आहे. चित्रबलाक आणि मुग्धबलाक हे करकोचे तर परदेशी नव्हेतच. त्यांचा वावर आपल्याच उपखंडात असतो.

जवळून आलेला पाहुणा कमी मोलाचा, असं यातून कुणी समजू नये. आठशे किलोमीटर एका दमात उडणं हा केवढा पराक्रम आहे, ते पुढे येईलच. पण सगळ्यांच्या नावावर सायबेरिया लावून टाकलं की प्रत्येकाची वाट वेगळी, निघण्याची वेळ वेगळी आणि गरज वेगळी, हे दिसेनासं होतं. ते दिसावं यासाठी तर हा सगळा खटाटोप.

पक्षी कुठून येतात हे माणसाला फार उशिरा कळलं. १८२२ साली जर्मनीत क्ल्यूट्स गावाजवळ एक पांढरा करकोचा मिळाला. त्याच्या मानेत आफ्रिकेतला लाकडी भाला आरपार रुतलेला होता आणि तो तसाच उडत युरोपापर्यंत पोचला होता. पक्षी हिवाळ्यात चिखलात दडून बसतात की दुसऱ्या प्रदेशात जातात, यावर तोवर पंडितांचे वाद चालत. या करकोच्याने पुरावाच अंगावर वागवत आणला. १८९९ मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनांच्या पायांत क्रमांक कोरलेल्या कड्या घालायला सुरुवात केली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानाच्या साथीने कड्यांचं काम सुरू केलं. त्याला मोठं रूप आलं ते १९५९ पासून. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडांना आणि माणसांना ग्रासणारा एक ताप आढळला होता. त्याचा विषाणू स्थलांतरी पक्ष्यांवरच्या गोचिडांमधून आला असेल का, हे जागतिक आरोग्य संघटनेला तपासायचं होतं. त्या निमित्ताने सालिम अलींच्या पुढाकाराने हजारो पक्षी जाळ्यात धरून, कडी घालून सोडले गेले. एका तापाच्या शोधातून भारताच्या आकाशातल्या वाटांचा नकाशा उलगडू लागला.

कडीची एक मर्यादा होती. पक्षी कुठे धरला आणि पुढे कुठे सापडला, एवढंच ती सांगते. मधल्या प्रवासाबद्दल ती गप्प असते. पाठीवर बांधायचे उपग्रह-प्रेषक आले आणि मधला प्रवास बोलू लागला. पट्टकादंबाची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

हा हंस हिमालय ओलांडतो हे पूर्वीपासून माहीत होतं. अगदी उंच शिखरांवरून रात्री त्याचे आवाज ऐकल्याच्या आठवणी गिर्यारोहकांनी सांगितल्या आणि त्यातून एव्हरेस्टच्याही वरून उडणारा पक्षी अशी त्याची कीर्ती झाली. संशोधक ल्युसी हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंगोलियात आणि भारतात हंसांवर प्रेषक बसवले. त्यांचे निष्कर्ष २०११ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि या कीर्तीला नेमके आकडे मिळाले. उत्तरेकडे परतताना हे हंस भारताच्या सखल मैदानातून उठतात आणि सात-आठ तासांत हिमालयाचा चढ चढून पलीकडे उतरतात. माणसाने तेवढ्या वेळात तेवढी उंची गाठली, तर तो विरळ हवेने आजारी पडेल. दुपारी डोंगरउतारावरून वर वाहणारा वारा त्यांना फुकटात उचलू शकला असता. पण ते बहुधा रात्री आणि पहाटे उडतात. त्या वेळी हवा थंड असते, म्हणून जड असते, आणि पंखाला चांगला टेकू देते. शिवाय ती शांत असते.

त्यांची नोंदली गेलेली सर्वाधिक उंची ७,२९० मीटर आहे. बहुतेक उड्डाणं मात्र साडेपाच हजार मीटरच्या खालीच झाली. २०१५ मध्ये चार्ल्स बिशप यांच्या गटाने हंसांच्या हृदयाचे ठोके, पंखांची फडफड आणि उंची हे तिन्ही एकत्र मोजलं, तेव्हा याचं कारण कळलं. हंस उंची राखून सरळ जात नाही. डोंगर आला की चढतो, दरी आली की खाली उतरतो, आणि पुढच्या डोंगराला पुन्हा चढतो. मिळवलेली उंची अशी घालवणं आपल्याला उधळपट्टी वाटते. पण विरळ हवेत तरंगत राहायला पंख इतके वेगाने मारावे लागतात की वर राहण्यापेक्षा खाली उतरून पुन्हा चढणं स्वस्त पडतं. थोडक्यात, पट्टकादंब नकाशावरची सरळ रेषा मुद्दाम टाळतो. तो किलोमीटर वाढवतो आणि दम वाचवतो.

त्याच्या शरीराची घडणही याच कामाची आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन इतर हंसांच्या मानाने प्राणवायू अधिक घट्ट पकडतं. फुप्फुसं मोठी, श्वास खोल, आणि पंखांच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं दाट जाळं. हे सगळं घेऊन तो फेब्रुवारीच्या उन्हात डिकसळच्या बाजूला गवतावर चरताना दिसतो, तेव्हा एखाद्या पाळीव बदकासारखा निवांत वाटतो. डोक्यामागचे दोन काळे पट्टे तेवढे लक्षात राहतात. या पक्ष्याने दोन-तीन महिन्यांपूर्वी काय केलंय आणि पुढच्या महिन्यात काय करायचंय, हे माहीत असलं की त्या चरण्याकडे बघण्याची नजरच बदलते. तो गवत खातोय, म्हणजे हिमालयाची तयारी करतोय.

या तयारीची जाण आपल्या परंपरेतही आहे. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष रामगिरीवरून मेघाला वाट सांगतो. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पावसाळ्याच्या तोंडावर मानसरोवराकडे निघालेले राजहंस कैलासापर्यंत तुझी सोबत करतील, असं तो मेघाला सांगतो. त्या हंसांच्या चोचीत कालिदासाने कमळाच्या कोवळ्या देठांची शिदोरी दिली आहे. हंस उन्हाळा सरताना उत्तरेला जातात, हिमालयापलीकडच्या तळ्यांवर जातात आणि शिदोरी बांधून जातात, या तिन्ही गोष्टी पाहून ठेवलेल्या माणसाच्या आहेत. फरक एवढाच की खरी शिदोरी कातडीखाली असते. निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत पक्षी अधाशासारखे खातात आणि अंगावर चरबीचा थर चढवतात. तीच त्यांचं इंधन, आणि वाटेत पाणी मिळालं नाही तर बऱ्याच अंशी तीच पाणीही पुरवते, कारण चरबी जळताना शरीरात पाणी तयार होतं.

ही शिदोरी किती लांब नेऊ शकते, याची दोन उदाहरणं सांगतो. अमूर ससाणा हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी. २०१३ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ अशा ससाण्यांवर प्रेषक बसवले गेले. तिथून निघालेले पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या टोकाशी सोमालियापर्यंत पोचले. सुमारे ५,६०० किलोमीटर, साडेपाच दिवसांच्या आत, न थांबता. या प्रवासात ते महाराष्ट्रावरूनही जातात आणि काही वर्षी लोणावळ्याच्या पठारांवर दिसतातही. दुसरं उदाहरण गॉडविट नावाच्या चिखलपक्ष्याचं. २०२२ मध्ये अलास्कात जन्मलेलं पाच महिन्यांचं एक पिल्लू निघालं ते ११ दिवस १ तास उडत राहून टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर. न खाता, न पिता, पाण्यावर एकदाही न टेकता. कारण त्याला पाण्यावर बसून विसावता येत नाही. निघण्यापूर्वी हे पक्षी आतडी आणि जठरसुद्धा आक्रसून घेतात, कारण वाटेत पचवायला काही मिळणारच नसतं.

असे अखंड उड्डाण करणारे पक्षी गाजतात, त्यांच्या बातम्या होतात. पण त्यांच्यामुळे एक गैरसमज पसरतो की पक्षी म्हणजे उडणारं यंत्र, एकदा सुटलं की सुटलं. गॉडविटचे अकरा दिवस शक्य होतात ते अलास्काच्या किनाऱ्यावरच्या चिखलात आधी घालवलेल्या आठवड्यांच्या जोरावर. अमूर ससाण्याचे साडेपाच दिवस शक्य होतात, कारण त्याआधी नागालँड-मणिपूरमध्ये पंख फुटलेल्या वाळव्यांवर तो भरपूर पोसलेला असतो. चिखल आणि वाळव्या काढून घ्या, समुद्र तेवढाच रुंद राहील, पण ससाणा तो ओलांडू शकणार नाही.

आता रोहितांकडे येतो, कारण भिगवणचं नाव त्यांनी देशभर केलं. रोहित बहुधा रात्री उडतात. ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वेग धरला, तर रणापासून भिगवणपर्यंतचे ८०० किलोमीटर म्हणजे चौदा-पंधरा तास. सूर्यास्ताला निघालेला थवा सकाळी उशिरापर्यंत पोचू शकेल. प्रत्यक्षात बरेचसे थवे मधल्या पाणथळींवर थांबत येतात. ठाणे खाडी भिगवणहून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटरवर, म्हणजे रोहितांच्या हिशेबाने तीन-चार तासांवर आहे. तिथे प्रामुख्याने लहान रोहित असतात, आपल्याकडे मोठे. या रात्रीच्या प्रवासाची दुसरी बाजू २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत दिसली. घाटकोपरवर उतरत्या प्रवासी विमानाची रोहितांच्या थव्याशी टक्कर झाली आणि तीसहून अधिक पक्षी मेले. त्या एका थव्याचा प्रवास कुठून कुठे चालला होता, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

भिगवणला रोहित कधी येतील, हे कॅलेंडर सांगत नाही. ते धरणाची पातळी सांगते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. यशवंतसागर हे त्याच्या जलाशयाचं नाव. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला तब्बल ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. पाणी या मृतसाठ्यात उतरलं की उजनीबद्दल बोलताना इथली माणसं ‘धरण मायनसमध्ये गेलं’ असं म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातली वरची धरणं भरून वाहू लागली की भीमेतून पाणी येतं आणि उजनी काठोकाठ भरते. तेव्हा भिगवणला पाणी भरपूर असतं, पण रोहितांना उभं राहायला जागा नसते. त्यांना लागतं पायाच्या उंचीचं पाणी आणि त्याखाली मऊ गाळ. कालव्यांची आणि नदीची आवर्तनं सुटू लागली, पाणी हळूहळू मागे सरलं, की डिकसळ, कुंभारगाव, डाळज या काठांना गाळाचे पट्टे उघडे पडतात. मग रोहित येतात. ज्या वर्षी धरण भरलेलं राहतं त्या वर्षी ते उशिरा येतात, आणि लोक विचारतात, यंदा पक्षी का नाहीत? “पाणी उतरल्याबिगर पाय कुठं टेकायचे त्यांनी?” असं एका नावाड्याने मला सांगितलं होतं. याहून नेमकं उत्तर मी कुठल्या शोधनिबंधात वाचलेलं नाही.

रोहित चरताना पाहावा तो होडीतून, इंजीन बंद करून, बांबूने होडी रेटत. मान खाली, आणि चोच चक्क उलटी : वरचा जबडा खाली, खालचा वर. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, गढूळ पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते. चोचीच्या कडांना बारीक झालरी असतात, त्यांत अळ्या, सूक्ष्म कवचधारी जीव, बिया, शेवाळ अडकतं. मधूनच एखादा पक्षी चोच एका जागी रोवून तिच्याभोवती पाय आपटत गोल फिरतो. गाळ ढवळला जातो, तळातले जीव वर येतात. पाणी आणखी उतरलं की ही गोल वळी गाळावर उमटलेली दिसतात. रंगही याच खाण्यातून येतो. अन्नातली कॅरोटिन द्रव्यं पिसांत उतरतात. लहान पिल्लं राखाडी असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं जातात. एखाद्या थव्यात राखाडी पक्षी बरेच दिसले, तर मागच्या एक-दोन वर्षांत वीण चांगली झाली असं समजावं. रणात पाऊस पुरेसा पडला तरच तिथे मातीची घरटी उभी राहतात. म्हणजे कच्छातला पाऊस आणि सोलापूरच्या कालव्याचं आवर्तन, या दोन गोष्टी भिगवणच्या काठावर एकमेकींना भेटतात.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पाण्याचा हिशेब होतो तो ऊस, पिण्याची पाणीयोजना आणि उद्योग यांचा. तो तसाच व्हायला हवा. दुष्काळी भागाला आधी पाणी हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आवर्तन एकदम मोठं सोडायचं की टप्प्याटप्प्याने, याने गाळाचे पट्टे किती दिवस ओले राहतात हे ठरतं. टप्प्याटप्प्याने उतरणारं पाणी दर आठवड्याला नवा ओला पट्टा उघडा करत जातं. झपाट्याने उतरलेलं पाणी मागे भेगाळलेली माती ठेवतं. शेतकऱ्याचा एक थेंबही न तोडता हा विचार करता येईल. तो व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दख्खनच्या पठारावर मोठी नैसर्गिक तळी फारशी नाहीत. इथल्या पाणपक्ष्यांच्या मोठ्या जागा बहुतेक धरणांनी घडवल्या. गोदावरीवरचं नांदूर मधमेश्वर हा असाच बंधारा, आणि २०२० मध्ये तेच राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. पैठणचा नाथसागर तसाच. उजनीच्या बाबतीत हे लिहिताना मात्र मन पुरतं आनंदी राहत नाही. इथल्या गाळाखाली काळी कसदार जमीन आहे, गावं आहेत. पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं आणि उठून गेलेल्या गावांतली म्हातारी माणसं ते बघायला येतात. पक्ष्यांची ही नवी वस्ती माणसांच्या उठलेल्या वस्तीवर झाली आहे. तिचं कौतुक करताना हे विसरू नये.

अंतराचा प्रश्नही या जलाशयाने माणसांसाठी नव्याने लिहिला. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून निघालेली रेल्वे डिकसळपर्यंत आली, आणि भीमाकाठच्या या गावातून पुणं काही तासांवर आलं. पुढे धरण झालं, फुगवटा पसरला, आणि समोरासमोरची गावं एकमेकांपासून दुरावली. इंदापूर तालुक्यातल्या कळाशीहून करमाळा तालुक्यातलं कुगाव पाण्यावरून दिसतं. रस्त्याने मात्र मोठा वळसा पडतो. म्हणून लोक होडीने जात-येत राहिले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात त्या वाटेवर होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. कुरव ते पाणी काही मिनिटांत ओलांडतो. माणसाला मात्र तेवढ्यासाठी पूल लागतो.

काठावरच्या माणसांनी या पाण्यातूनच नवा संसार उभारला. भिगवणच्या मासळीबाजारात चिलापी, रोहू, कटला, मरळ यांचे ढीग पहाटे लागतात आणि तिथल्या लिलावाची वेळ पाहून नावाडी जाळी काढतात. याच नावाड्यांतले कित्येक जण आता पक्षी दाखवतात. कुठला थवा काल कुठे होता, आज वारा कुठून आहे, कैकर कुठल्या खुंटावर मासा घेऊन बसेल, हे त्यांना विचारावं. त्यांचं हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही, आणि आमच्या पुस्तकातलं बरंचसं त्यांच्याकडून आलं आहे.

त्यांच्याशी आणि त्यांच्या होडीत बसणाऱ्यांशी मला एका बाबतीत स्पष्ट बोलायचं आहे. उडत्या रोहितांचा फोटो फार देखणा येतो. पंखांची आतली लाल-काळी बाजू तेव्हाच दिसते. त्या फोटोसाठी पाहुणे आग्रह धरतात, जास्त पैसे देऊ म्हणतात, आणि होडी थव्यावर घातली जाते. थवा उठतो, पाण्यावरून दोन चकरा मारतो, पुन्हा उतरतो. सगळे खूश. पण सकाळपासून सातव्या होडीने उठवलेल्या थव्याचा विचार करा. प्रत्येक उड्डाणात तीच चरबी जळते जी चरून साठवायला तास लागले होते, आणि उडत असताना चरणं बंद असतं, म्हणजे तोटा दुहेरी. मार्चमध्ये निघण्याच्या बेतात असलेल्या हंसाला तर हा तोटा भरून काढायला वेळच उरत नाही. त्याचं इंधन उत्तरेच्या चढावर कमी पडलं तर ते भिगवणला कुणाला कळणारही नाही. थव्यापासून लांब थांबावं, इंजीन बंद ठेवावं, पक्षी मान वर करून बघू लागले की तिथूनच मागे फिरावं. संयमी नावाडी हे आजही करतात, आणि त्यांना चार पैसे जास्त मिळायला हवेत.

काठापासून थोडं आत, इंदापूर-बारामतीच्या जिरायत पट्ट्यात, या प्रवासाचा आणखी एक शेवट दिसतो. हजारो भोरड्या संध्याकाळी आकाशात धुरासारख्या वळतात, फुगतात, आकसतात आणि बाभळीत किंवा उसात मुक्कामाला शिरतात. या गुलाबी मैना पावसाळा सरतानाच यायला लागतात आणि वसंतात परततात. ज्वारी हुरड्यात आली की त्यांच्याशी गाठ पडते. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने भोरडी हा पाहुणा नव्हे, उपद्रव आहे, आणि तो खरा आहे. पण तीच भोरडी टोळ आणि किडेही मोठ्या प्रमाणात खाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पाण्याबरोबर ऊस आला, ज्वारीचं क्षेत्र घटलं, आणि भोरड्यांचं काय झालं याचा अभ्यास व्हायला हवा.

आर्क्टिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तीस देश तिच्यावर येतात. एखादा हंस या वाटेवर सहा-सात ठिकाणी थांबत असेल, तर त्यातलं एक ठिकाण बिघडल्याने त्याचं अंतर एका किलोमीटरनेही वाढत नाही. पण दोन थांब्यांमधली उडी दुप्पट होते, आणि कधीकधी ती त्याच्या शिदोरीच्या बाहेर जाते. भिगवणला जे पाणी येतं ते पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्यासह येतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते हिरवं पडतं, काठाला वास येतो. ही जागा बिघडली तर तिची झळ भिगवणपुरती राहणार नाही. इथे पोट भरलं नाही म्हणून न पोचलेला पक्षी तिकडच्या सरोवरावरून कमी होईल, आणि तिथे राखण करणाऱ्यांना त्याचं कारण सापडणार नाही.

पुढच्या प्रकरणांत एकेका पक्ष्याची वाट, त्याचे ज्ञात थांबे आणि उजनीवरचा त्याचा काळ दिला आहे. वाचकांनी त्यात भर घालावी. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात भाग घ्यावा. एरवीही पक्षी पाहाल तेव्हा तारीख, वेळ, गाव, अंदाजे संख्या आणि धरणाची त्या दिवशीची टक्केवारी लिहून ठेवावी. टक्केवारी रोज वर्तमानपत्रात येते आणि तिच्याशिवाय इथली नोंद अर्धी राहते. पट्टकादंबांचा थवा दिसला तर दुर्बिणीतून प्रत्येकाची मान पाहावी. मंगोलियात काही हंसांच्या गळ्यात अक्षरं-आकडे असलेले पट्टे घातले गेले आहेत आणि असे हंस दक्षिण भारतात दिसले आहेत. पट्टा दिसला तर त्याचा रंग आणि त्यावरची अक्षरं जशीच्या तशी टिपावीत, जमल्यास लांबूनच फोटो घ्यावा, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. अक्षर नीट दिसलं नाही तर अंदाजाने लिहू नये. थवा चरत असतो तोवर तिथेच थांबून पुन्हा पाहावं.